वनस्पती अर्काची जनुकीय सुरक्षा आणि संरक्षक गुण: कांद्याच्या मुळांवरची चाचणी, पायरी-पायरीने

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा हंगाम आला की माझ्या टेबलावर स्लाइडच्या डब्यांची रांग लागते. मागे एक विद्यार्थी खुशीत आला होता. "सर, अर्कानं ७० टक्के संरक्षण दिलं." त्याचे आकडे असे: नुसतं विषारी रसायन दिलेल्या मुळांत हजार पेशींमागे १० सदोष (गुणसूत्रं मोडलेल्या किंवा भरकटलेल्या), अर्कासह दिलेल्या मुळांत ३ आणि साध्या पाण्यातल्या मुळांत जवळजवळ शून्य. हिशोब बरोबर होता. मी स्लाइड लावली आणि विभाजन चालू असलेल्या पेशी शोधू लागलो. रसायनाच्या गटात हजारात ८० होत्या, अर्काच्या गटात जेमतेम १५. म्हणजे विभाजन होणाऱ्या पेशींपैकी सदोष किती, हे पाहिलं तर पहिल्या गटात साडेबारा टक्के आणि 'संरक्षण' मिळालेल्या गटात २० टक्के! अर्कानं काहीही वाचवलं नव्हतं, पेशींचं विभाजनच बंद पाडलं होतं. जिथं पश्चावस्थाच (गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जातात तो टप्पा) नाही तिथं गुणसूत्रांचा पूल (दोन टोकांमध्ये ताणून अडकलेलं गुणसूत्र) दिसणार कुठून?

ही चूक दर दोन-तीन वर्षांनी नव्या चेहऱ्यानं परत येते. म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या महाविद्यालयांत जमेल अशी, कांद्याच्या मुळांवरची चाचणी इथं क्रमानं मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी अर्क स्वतः गुणसूत्रांना त्रास देतो का ते पाहायचं, मग तो दुसऱ्याच्या त्रासापासून वाचवतो का ते.

१. वनस्पती: ओळख आधी, तोडणी नंतर

गुळवेल म्हणून आणलेली वेल गुळवेलच असेल असं नाही. तिच्या जवळच्या जाती दिसायला सारख्या आहेत आणि गावात सगळ्यांना एकच नाव असतं. फुला-फळांसह नमुना घ्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, तज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्या आणि वनस्पती संग्रहालयात जमा करून क्रमांक मिळवा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात ही सोय आहे. राधानगरी किंवा आंबा परिसरातल्या राखीव जंगलातून काही आणायचं असेल तर वन खात्याची लेखी परवानगी अगोदर काढा.

'औषधी आहे, म्हणजे निर्धोकच' हे डोक्यातून काढून टाका. आपल्या घाटातल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला अडकवतं आणि धागा तुटतो. दारातल्या सदाफुलीतली व्हिंक्रिस्टीन-व्हिनब्लास्टीन विभाजनाचे तर्कूतंतू (गुणसूत्रं ओढणारे धागे) बनू देत नाहीत, कळलावीतलं कोल्चिसीनही तेच करतं. ईश्वरीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल शरीरात रूपांतर होऊन डीएनएला चिकटतं आणि कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे. या चारही वनस्पती औषधी म्हणूनच ओळखल्या जातात.

सावधान: जून ते सप्टेंबर पानं उघड्यावर सावलीत वाळवू नका. गगनबावड्याकडून आणलेल्या ओल्या पानांना इथल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. काही बुरशींची विषं (अफ्लाटॉक्सिन हे त्यातलं ठळक) स्वतःच गुणसूत्रं मोडतात, मग दोष वनस्पतीच्या माथी जातो. पावसाळ्यात ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. हातात चुरगळल्यावर पान कडकन मोडलं पाहिजे.

२. अर्क: लोक घेतात तसा

लोक काढा पितात आणि आपण मिथेनॉलचा अर्क तपासतो. मिथेनॉलचा अर्क घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या निकालावरून काढ्याबद्दल बोलता येत नाही. वेळ एकाच अर्कापुरता असेल तर मी पाण्याचा घेतो.

१. वाळलेला भाग मिक्सरवर दळून चाळा.
२. ५० ग्रॅम पूड ५०० मिली पाण्यात उकळा किंवा द्रावकात २४ ते ७२ तास भिजत ठेवा. मधूनमधून हलवा.
३. आधी मलमलीतून, मग फिल्टर पेपरातून गाळा.
४. द्रावक ४०-४५ अंशांना उडवा, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मिळालेलं वजन आणि पुडीचं वजन दोन्ही वहीत लिहा.
५. घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. स्टॉक लागेल तेव्हा ताजा करा.

'१० टक्के अर्क' असं कुठंही लिहू नका. कशाचे १० टक्के? मात्रा नेहमी मिलीमागे कोरड्या अर्काचे मिलिग्रॅम अशी द्या.

अर्क पाण्यात विरघळत नसेल तर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) वापरावं लागतं. शेवटच्या द्रावणात ते एक टक्क्याच्या आत ठेवा, निम्म्यावर भागलं तर उत्तम, आणि तेवढंच डीएमएसओ घातलेला वेगळा कंट्रोल (अर्क नसलेला, तुलनेचा गट) ठेवा.

तपासा: प्रत्येक मात्रेचा पीएच. आमसूल किंवा आवळ्याच्या अर्कात तो इतका खाली जातो की नुसत्या आंबटपणानं गुणसूत्रं चिकटतात. ६ ते ७ च्या दरम्यान आणा. बीकर उजेडासमोर धरा. तळाला गाळ बसला असेल तर तुम्ही लिहिलेली मात्रा मुळापर्यंत पोहोचलेली नाही.

३. कांदे: अर्धं काम इथंच बिघडतं

या पायरीला लोक सर्वात कमी वेळ देतात. मी सर्वात जास्त देतो.

शाहू मार्केट यार्डातून पिशवीभर कांदे आणले की झालं, असं वाटतं. पण तो कांदा कुठून आला, त्यावर काय झालं, हे कुणालाच माहीत नसतं. कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करतात, लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी उभारलेलं केंद्रच आहे. त्याच कामासाठी वापरलं जाणारं मॅलेइक हायड्रॅझाइड तर गुणसूत्रं तोडणारं म्हणून प्रयोगशाळेत ओळखलं जातं. खाण्याच्या दृष्टीनं हा विषय वेगळा. आपल्या चाचणीत मात्र असा कांदा साध्या पाण्यातही मोडकी गुणसूत्रं दाखवेल, किंवा मुळंच धरणार नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून, एकाच वाफ्यातला, फवारणी माहीत असलेला कांदा घ्या. सगळा प्रयोग त्याच ढिगातून करा.

नुकता काढलेला उन्हाळ कांदा झोपेत असतो. काही आठवडे तो मुळं नीट सोडत नाही. एप्रिलात काढलेला कांदा एप्रिलातच बीकरवर बसवून 'सर, मुळंच येईनात' म्हणू नका.

१. दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचे, घट्ट, कोंब न आलेले कांदे निवडा. ३५ लागणार असतील तर ६० घ्या.
२. बाहेरची सुकी टरफलं काढा, आतलं मांसल आवरण उघडं पाडू नका.
३. कांदा उलटा धरा. तळाशी तपकिरी, वाळलेली चकती दिसेल, भोवती फिकट दाण्यांचं कडं. ते दाणे म्हणजे उद्याची मुळं. ब्लेडच्या टोकानं मधली चकती खरवडून काढा, कड्याला हात लावू नका. पांढरा ओलसर तळ दिसला की थांबा.
४. बीकरच्या तोंडावर असा बसवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. अख्खा कांदा बुडाला तर दोन दिवसांत कुजतो आणि प्रयोगशाळाभर वास सुटतो.
५. अंधारात, २० ते २५ अंशांना ठेवा. पाणी रोज बदला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते २४ तास उघडं ठेवून वापरा. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात क्षार नसल्यानं मुळं खुरटतात. कोणतंही घ्या, पण सगळ्या गटांना एकच. एप्रिल-मे महिन्यात खोलीचा पारा पस्तिशीपार जातो आणि वीज गेली की इन्क्युबेटरही तापतो. कमाल-किमान तापमापक आत ठेवा, म्हणजे रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

तपासा: ४८ ते ७२ तासांत मुळं सुमारे दोन सेंटिमीटर, पांढरी आणि सरळ आली पाहिजेत. ज्यांची आली नाहीत ते कांदे सरळ काढून टाका. उरलेले चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा. चांगली मुळं कंट्रोलला आणि राहिलेली अर्काला, असं नकळत होतं.

४. मात्रा ठरवणं: पट्टी घेऊन बसा

मात्रा कुणाच्या तरी पेपरमधून उचलू नका. तुमचा अर्क वेगळा, तुमचा कांदा वेगळा. २४ तास पाण्यात ठेवलेले कांदे मिलीला ०.१, ०.२५, ०.५, १, २.५ आणि ५ मिलिग्रॅम मात्रांवर बसवा, सोबत कंट्रोल. प्रत्येकी पाच कांदे. ७२ तासांनी मुळांच्या जुडग्याची लांबी मोजा, कंट्रोलला १०० मानून टक्के काढा आणि आलेखावर वाढ निम्मी होते ती मात्रा शोधा.

सुरक्षेच्या चाचणीसाठी ती मात्रा, तिची निम्मी आणि तिची पाव, अशा तीन घ्या. संरक्षणाच्या चाचणीसाठी मात्र ज्यात वाढ कंट्रोलच्या किमान ८० टक्के राहते त्याच मात्रा घ्या. ८० हा आकडा माझा आहे, तुम्ही थोडा इकडेतिकडे करा, पण काहीतरी रेषा अगोदर आखा आणि वहीत लिहून ठेवा.

मुळं तपकिरी होऊन टोकं मऊ पडली असतील तर ती मात्रा बाद. मेलेल्या पेशींत गुणसूत्रं मोजण्यात अर्थ नाही.

५. पहिली चाचणी: अर्क एकटा सुरक्षित आहे का

दोन सेंटिमीटर मुळांचे कांदे अर्कावर २४ तास ठेवा. कांद्याच्या मूळटोकातल्या पेशीचं चक्र साधारण २० तासांचं असतं, त्यामुळे २४ तासांत बहुतेक पेशी एकदा तरी अर्काच्या संगतीत विभाजनातून जातात. निम्मी मुळं लगेच कापा. उरलेल्या मुळांसह कांदे धुऊन आणखी २४ तास पाण्यावर ठेवा आणि मग तीही कापा. पूल, तुकडे, चिकटलेली गुणसूत्रं पहिल्या कापणीत दिसतात. सूक्ष्मकेंद्रकं (मागे राहिलेल्या गुणसूत्रांची छोटी, सुटी केंद्रकं) तयार व्हायला विभाजन पूर्ण व्हावं लागतं, म्हणून ती दुसऱ्या कापणीत जास्त सापडतात.

सोबत तीन कंट्रोल: पाणी, द्रावक आणि पॉझिटिव्ह (दोष नक्की घडवणारं रसायन). पॉझिटिव्ह म्हणून मिथाइल मिथेनसल्फोनेट, म्हणजे एमएमएस, लिटरला १० मिलिग्रॅम इथून सुरुवात करा. तुमच्या कांद्यात दोष स्पष्ट वाढतात का ते आधी छोट्या फेरीत पाहा. द्रावण त्याच वेळी करा, कारण ते पाण्यात हळूहळू मोडतं.

सावधान: एमएमएस आपल्या डीएनएलाही सोडत नाही. नायट्राइल हातमोजे, फ्यूम हूड, आणि तोंडानं पिपेट ओढणं कधीच नाही. वापरलेलं द्रावण दहा टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये रात्रभर ठेवून मग रासायनिक कचऱ्यात द्या. सिंकमध्ये ओतलेलं शेवटी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. आणि वापरलेले कांदे पिशवीत बंद करून त्याच कचऱ्यात. शिपायानं 'चांगला कांदा आहे' म्हणून घरी नेल्याचं मी ऐकलेलं आहे.

६. स्लाइड

१. सकाळी ८ ते १० च्या दरम्यान कापा. या वेळात विभाजन भरात असतं असा आमचा अनुभव. तुमची वेळ वेगळी ठरली तरी सगळ्या गटांची एकच ठेवा.
२. तीन भाग इथेनॉल, एक भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल. त्याच दिवशी केलेलं. मुळं २४ तास ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजला.
३. पाण्यानं धुऊन १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना ५ ते ८ मिनिटं. वॉटर बाथच्या डायलवर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर बुडवा. आमच्या एका बाथचा डायल ६० दाखवायचा आणि पाणी ५२ असायचं. एक अख्खी बॅच दाबली तरी पसरेना, आणि आम्ही दोष रंगाला देत बसलो.
४. दोन टक्के अॅसिटो-ऑर्सिनमध्ये ३० ते ४५ मिनिटं. टोकाचा दीड-दोन मिलिमीटर भाग गडद जांभळा होतो, मागचा फिकट राहतो. तो गडद भागच ठेवा, बाकी कापून टाका.
५. ४५ टक्के अॅसेटिक आम्लाच्या थेंबात टोक ठेवा, कव्हरस्लिप घाला, सुईच्या मागच्या टोकानं हलकेच टकटक करा. गोळा धुक्यासारखा पसरतो. मग फिल्टर पेपरात धरून अंगठ्यानं सरळ खाली दाबा.

कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी लोळतात, गुणसूत्रं विखुरतात आणि ती 'तुटलेली' दिसतात. अशी स्लाइड टाकून द्या, वाचवायला जाऊ नका.

७. मोजणी

मोजणाऱ्याला कोणती स्लाइड कुठल्या गटाची हे माहीत नसावं. मित्राला लेबलांवर कागद चिकटवून नंबर टाकायला सांगा, यादी त्याच्याकडे राहू द्या. ज्याला आपला अर्क चांगला निघावा असं वाटतं त्याचा डोळा चिकटलेल्या गुणसूत्राकडे काणाडोळा करतो. मीही केलेला आहे.

दर कांद्यामागे किमान १००० पेशी, पाच कांदे, म्हणजे गटाला ५०००. पेशी सलग रांगेत मोजा, 'छान दिसणाऱ्या' भागात उड्या मारू नका. प्रत्येक पेशी विभाजनात आहे की नाही, असेल तर कोणत्या अवस्थेत आणि काय दोष, हे लिहा. विभाजनातल्या पेशी भागिले एकूण पेशी गुणिले १००, हा विभाजन निर्देशांक.

दोषांत पूल, तुकडे, मागे रेंगाळलेलं गुणसूत्र, भरकटलेलं गुणसूत्र, चिकटलेला गोळा, अनेक ध्रुवांची पश्चावस्था हे वेगवेगळे लिहा. तर्कूतंतूच नसले तर कांद्याची सोळा गुणसूत्रं आखूड, जाड होऊन पेशीभर विखुरलेली दिसतात, कोल्चिसीन दिल्यावर दिसतात तशी. याचा रकाना वेगळा ठेवा. पूल आणि तुकडे म्हणजे डीएनए तुटला, विखुरणं म्हणजे तर्कूतंतू बिघडले. दोन्ही एका बेरजेत गेले की अर्क नेमका काय करतो ते हरवतं.

सूक्ष्मकेंद्रक कशाला म्हणायचं? मुख्य केंद्रकाच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान, त्याच रंगाचं, त्याच फोकसमध्ये, कडा गोल आणि मुख्य केंद्रकापासून सुटं. फोकस हलवल्यावर जे चमकतं किंवा काळं पडतं तो रंगाचा कण असतो.

८. दुसरी चाचणी: संरक्षण

पहिल्या चाचणीत अर्कानं एकट्यानं दोष वाढवले असतील तर इथं येऊच नका. तो निकालही लिहिण्यासारखाच आहे.

गट सात: पाणी, द्रावक, एमएमएस, अर्क कमी, अर्क जास्त, अर्क कमी अधिक एमएमएस, अर्क जास्त अधिक एमएमएस. पाच-पाच कांदे. अर्क कधी द्यायचा यावर उत्तराचा अर्थ ठरतो.

आधी दिला तर पेशीची स्वतःची तयारी वाढते का ते कळतं. नंतर दिला तर झालेली मोडतोड दुरुस्त व्हायला मदत होते का ते. एकत्र दिला तर मात्र घोळ होतो: अर्कातली टॅनिन किंवा इतर द्रव्यं बीकरमध्येच एमएमएसला निष्प्रभ करू शकतात, मुळापर्यंत काही पोहोचतच नाही. हेही एक प्रकारचं संरक्षण, पण पेशीतलं नव्हे. बहुतेक प्रोजेक्टमध्ये फक्त एकत्र प्रकार केलेला असतो, कारण तो सोपा. एकच करायचा असेल तर आधीचा करा.

आमचं वेळापत्रक असं चालतं. कांदे शुक्रवारी संध्याकाळी पाण्यावर. सोमवारी सकाळी ९ ला अर्क. मंगळवारी ९ ला तीनदा धुऊन एमएमएस. बुधवारी ९ ला पुन्हा धुऊन पाणी. गुरुवारी ९ ला कापणी. नुसत्या एमएमएसचा गट सोमवारी द्रावकात बसतो, नुसत्या अर्काचा मंगळवारी पाण्यात.

तपासा: सगळे कांदे सारख्याच वेळा उचलले आणि धुतले गेले का? कंट्रोल चार दिवस तसाच शांत बसला आणि बाकीच्यांची उलथापालथ झाली, तर तुलना बरोबरीची राहत नाही.

९. हिशोब

दोषांचं प्रमाण विभाजनातल्या पेशींवर काढा, सूक्ष्मकेंद्रकांचं एकूण पेशींवर. संरक्षणाचे टक्के असे: (एमएमएस वजा अर्क-एमएमएस) भागिले (एमएमएस वजा कंट्रोल) गुणिले १००. समजा एमएमएसमध्ये १२.४ टक्के, अर्कासह ५.०, कंट्रोलमध्ये १.२. वर ७.४, खाली ११.२, उत्तर सुमारे ६६ टक्के. या आकड्याशेजारी तिन्ही गटांचा विभाजन निर्देशांक लिहिलाच पाहिजे. अर्क-एमएमएस गटाचा निर्देशांक नुसत्या एमएमएसपेक्षाही खाली असेल तर ६६ चा अर्थ लावू नका, मात्रा कमी करून परत बसवा.

संख्याशास्त्रात नमुना म्हणजे कांदा, पेशी नव्हे. ५००० पेशी मोजल्या म्हणून एन (नमुन्यांची संख्या) ५००० होत नाही, तो ५ राहतो. गटांची तुलना अनोव्हा (अनेक गटांच्या सरासरींची एकत्र चाचणी) आणि कंट्रोलशी डनेट चाचणीनं करा. सगळा प्रयोग वेगळ्या आठवड्यात निदान एकदा पुन्हा करा.

निष्कर्षात 'माणसासाठी सुरक्षित' हे शब्द नकोत. कांद्याला यकृत नाही. काही द्रव्यं यकृतातून गेल्यावरच घातक होतात. पुढची पायरी म्हणजे जिवाणूंवरची एम्स चाचणी, यकृतातल्या एन्झाइमांच्या एस-९ अर्कासह आणि त्याविना. तिचा मार्गदर्शक ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, क्रमांक ४७१. तिथंही वनस्पती अर्काचा एक खास सापळा आहे: या जिवाणूंना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल उत्परिवर्तन झालं तरच बनवता येतं, ते अर्कातच मोकळं असेल तर जिवाणू उत्परिवर्तनाशिवायच वाढतात आणि अर्क उगाच दोषी ठरतो. नंतर मानवी लिम्फोसाइट किंवा उंदरांवरचं काम, त्याला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी सुरू करण्याआधी हवी.

स्लाइड फेकू नका. कडांना नेलपॉलिश लावून, नंबरांसह, ट्रेमध्ये आडव्या, फ्रीजला ठेवा. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पहिली मागणी त्यांचीच करतात: "तुमचा तो पूल दाखवा बघू."